‘एइह् बेन्नेक, एइह् ब्लावेक’ला अर्थ आहे

प्रश्न असा आला आहे: टिनटिनच्या चित्रकथांतल्या देशाचे नाव मराठीत ‘सिल्डाविया’ लिहावे की ‘सिल्दाविया’? आणि तिथल्या राजघराण्याच्या ब्रीदवाक्याला, म्हणजे ‘एइह् बेन्नेक, एइह् ब्लावेक’ला, काही अर्थ आहे की स्लाव्ह वाटतील अशी अक्षरे नुसती जुळवली आहेत?

पहिल्या भागाचे उत्तर लगेच देतो. सिल्दाविया लिहा. मूळ कथा फ्रेंचमध्ये आहे आणि फ्रेंचांचा ‘द’ दंत्य असतो. ‘ड’ आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आला. टिनटिनमधला ‘ट’सुद्धा तसाच आला, पण ते नाव आता इतके रूढ झाले आहे की त्याला हात लावू नये. मात्र चित्रकाराला ‘हर्गे’ म्हणणे कृपा करून थांबवा. चांगले वाचन असलेली माणसेही ‘हर्गे’ म्हणतात, कोणी ‘हर्ज’ म्हणतात, आणि दर वेळी कानाला खटकते. त्यांचे नाव जॉर्ज रेमी. आद्याक्षरे उलटी केली, आर आधी आणि जी नंतर घेतला, आणि फ्रेंच पद्धतीने उच्चारली की होते ‘एर्जे’. या नावाची व्युत्पत्तीच उच्चारात आहे. ‘हर्गे’ म्हटले की त्यातली आद्याक्षरे नाहीशी होतात.

आता देशाचे नाव. ट्रान्सिल्व्हेनियातला ‘सिल’ आणि मोल्दाव्हियातला ‘दाविया’ असे ते जोडले आहे हे बहुतेकांना माहीत असते, त्यावर वेळ घालवत नाही. पण रोमन लिपीत या नावाच्या ‘सि’मध्ये आय नसून वाय आहे, याकडे कोणी पाहत नाही. ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे ‘वनापलीकडचा प्रदेश’. वनाला लॅटिनमध्ये सिल्वा म्हणतात आणि त्यात साधा आय असतो. मागाहून पंडितांनी या शब्दाचे नाते ग्रीकमधल्या ‘हिले’ या वनवाचक शब्दाशी लावले आणि ग्रीक वाटावे म्हणून आयच्या जागी वाय घातला. व्युत्पत्ती चुकीची होती, वाय मात्र टिकला. ट्रान्सिल्व्हेनियात तो आहे, पेनसिल्व्हेनियात आहे, आणि एर्जे यांनी १९३८ साली नवा देश काढला तेव्हा त्या देशाच्या नावातही आला. नकाशावर नसलेल्या देशाच्या नावात पंडितांची इतकी जुनी चूक सुखाने नांदते आहे! देवनागरीत ती दिसत नाही, एवढेच आपले नुकसान.

या नावात ‘दावा’ हा डाकियन, म्हणजे रुमानियाच्या भागातल्या प्राचीन लोकांच्या भाषेतला, शब्द शोधणारे लोकही आहेत. डाकियन भाषेत दावा म्हणजे तटबंदीचे गाव. शब्द खरा आहे, पण इथे त्याचे काही काम नाही. मोल्दाव्हिया हे नाव मोल्दोवा नदीवरून आले, दावावरून नाही. तोच प्रकार राजधानीच्या नावाचा. एर्जे यांनी कथेतल्या पर्यटन-पुस्तिकेत क्लोवची फोड स्वतःच दिली आहे: ‘क्लोहो’ म्हणजे जिंकलेले आणि ‘ओव’ म्हणजे नगर. तुर्कांच्या काळी या गावाचे नाव झिलेहेरूम होते. या ‘ओव’मध्ये आपला ‘गाव’ ऐकणाऱ्यांनी आधी पोलंडच्या क्राकूफचे रोमन स्पेलिंग पाहावे. ते शेपूट तिथून उचलले आहे. आणि ११२७ साली तुर्कांविरुद्ध उठाव करणारा ह्वेघी राजा झाल्यावर मुस्कर हे नाव घेतो, ते आपल्याला आडनावासारखे वाटले तरी त्यातला ‘कर’ वेंगुर्लेकरांतला नाही. ‘मुस्ख’ म्हणजे शौर्य आणि ‘कर’ म्हणजे राजा, असे पुस्तिकाच सांगते.

ती पुस्तिका ज्यांनी घाईत उलटली असेल त्यांनी परत उघडावी. ‘ओतोकारचा राजदंड’ या कथेत टिनटिन विमानात बसून ती वाचतो आणि त्याच्याबरोबर आपणही वाचतो. देशाची लोकसंख्या ६,४२,०००, क्लोवची १,२२,०००. व्लादिर आणि मोल्तुस या नद्यांच्या संगमावर राजधानी वसलेली. देश परदेशी काय पाठवतो? गहू, क्लोवचे खनिजजल, जळाऊ लाकूड, घोडे आणि व्हायोलिनवादक. दक्षिण किनाऱ्यावरच्या द्ब्र्नूकचा कोळी चित्रात उभा आहे. त्या गावाच्या नावामागे क्रोएशियाचे दुब्रोव्हनिक आहे हे सांगायला नको. देशात मिनार आहेत, फलकांवर सिरिलिक अक्षरे आहेत, पिवळ्या झेंड्यावर काळा पेलिकन आहे. पुढे टिनटिन चंद्रावर जातो त्या कथेत झ्मिलपात डोंगर येतात आणि त्यांत युरेनियम सापडते. कार्पाथियन पर्वताचे फ्रेंच नाव, कार्पात, ज्याने ऐकले आहे त्याला हे डोंगर कुठून आले ते कळेल.

एवढे सगळे पाहिल्यावर वाचक म्हणतो, देश बाल्कनातला, तेव्हा भाषा स्लाव्ह असणार. माझा वाद इथे आहे. सिल्दावियाचा पोशाख बाल्कनचा आहे, जीभ ब्रुसेल्सची.

एर्जे बेल्जियमचे, ब्रुसेल्सचे. तिथे न्यायालयाच्या प्रचंड इमारतीच्या पायथ्याशी मारोल नावाची कष्टकऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथली बोली ब्राबांतच्या, म्हणजे ब्रुसेल्सभोवतालच्या प्रांताच्या, डचवर उभी आहे, तिच्यात फ्रेंच भरपूर मिसळले आहे आणि स्पॅनिश अमलाच्या काळातले काही शब्दही राहिले आहेत. एर्जे यांची आजी, आईची आई, या वस्तीतली. तिची बोली त्यांच्या कानात होती, आणि परकी भाषा हवी असली की ते याच बोलीकडे वळत. ‘ओतोकार’च्या आधीच्या एका कथेत दक्षिण अमेरिकेतले अरुंबाया लोक बोलतात ती हीच. पुढे खेमेद या अरबी देशात अमीर बेन कालिश एझाब येतो. ते ब्रुसेल्सच्या कानाला ‘कालिशे झाप’ असे ऐकू येते, म्हणजे ज्येष्ठमधाचे पाणी. त्याचा शत्रू बाब एल एर म्हणजे ‘बाबेलेर’, बडबड्या. राजधानी वादेस्दाह म्हणजे ‘वात इस दात?’, अर्थात ‘ते काय आहे?’.

आता ब्रीदवाक्य. प्रमाण डचमध्ये ‘हीर बेन इक, हीर ब्लेइफ इक’ म्हणजे ‘इथे मी आहे, इथेच मी राहणार’. ब्रुसेल्सच्या माणसाप्रमाणे सुरुवातीचा ‘ह’ गाळा, ‘बेन इक’ आणि ‘ब्लेइफ इक’ एका दमात म्हणा: एइह् बेन्नेक, एइह् ब्लावेक. एक अक्षरही बनावट नाही. एखाद्या मालवणी लेखकाने ‘हंय आसंय, हंयच रवतलंय’ हे वाक्य परकी जोडाक्षरांच्या वेषात एखाद्या काल्पनिक राजाच्या तोंडी घालावे आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांनी ‘काय सुंदर तुर्की आहे!’ म्हणावे, तसे हे झाले आहे.

गंमत इथे संपत नाही. कथेत या वाक्याचा अर्थ वेगळाच छापला आहे. चौदाव्या शतकातल्या ओतोकार चौथ्यावर एक सरदार तलवार घेऊन धावून येतो, राजा राजदंड त्याच्या डोक्यात घालतो आणि हे वाक्य उच्चारतो. खाली फ्रेंच अर्थ दिला आहे, ‘जो अंगाला घासेल त्याला टोचेल’. ही फ्रान्समधली जुनी म्हण आहे, लोरेनमधल्या नान्सी शहराचे ब्रीद म्हणूनही ती ओळखली जाते. इंग्रजी भाषांतरकारांनी या फ्रेंच अर्थाचे भाषांतर केले आणि ‘काटेरी झुडपे वेचाल तर काटे टोचणारच’ असे लिहिले. म्हणजे इंग्रजी वाचक मूळ वाक्यापासून दोन पायऱ्या दूर गेला, आणि आपण मराठी वाचक बहुतेक इंग्रजीतूनच आलो. ज्याला मारोलची बोली येते त्याला राजा एक बोलताना दिसतो आणि अर्थ दुसराच छापलेला दिसतो.

एर्जे यांनी हेच वाक्य का घेतले असेल? माझे मत सांगतो. क्रिमियाच्या युद्धात, सप्टेंबर १८५५ मध्ये, फ्रेंच सेनानी मॅकमहोन यांनी सेव्हास्तोपोलचा मालाकोफ बुरूज घेतला. रशियनांनी खाली सुरुंग पेरले असतील, बाहेर पडा, असा निरोप त्यांना आला. त्यावर ते म्हणाल्याचे सांगतात: ‘जी स्वी, जी रेस्त’. इथे मी आहे, इथेच राहणार. ते नेमके असेच म्हणाले का यावर वाद आहेत, पण फ्रेंच बोलणाऱ्या जगात हे वाक्य म्हणीसारखे झाले. ते मारोलच्या बोलीत शब्दाला शब्द लावून म्हणा, सिल्दावियाचे ब्रीद हातात येते. काळ्या समुद्राकाठच्या लढाईतले वाक्य फ्रेंचमधून निघाले, ब्रुसेल्सच्या गल्लीत उतरले आणि तिथून परत युरोपच्या त्याच बाजूच्या एका काल्पनिक राज्यात पोचले. एर्जे यांनी हा प्रवास ठरवून केला असे मी म्हणत नाही. पण फ्रेंच आणि मारोल दोन्ही जाणणाऱ्या माणसाच्या मनात ही दोन वाक्ये शेजारी नव्हती, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

शिवाय साल पाहा. कथा ऑगस्ट १९३८ ते ऑगस्ट १९३९ या काळात साप्ताहिकातून आली. १९३८ च्याच मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला होता. कथेत सिल्दाविया गिळायला टपलेला शेजारी बोर्दुरिया आहे आणि कटाच्या सूत्रधाराचे नाव म्युस्त्लेर आहे, अर्धा मुसोलिनी आणि अर्धा हिटलर. सिल्दाविया म्हणजे अल्बानिया की रुमानिया यावर पाने भरणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत जगणारे, तरुण राजा असलेले, छोटे राज्य शोधायला एर्जे यांना बाल्कनात जायची काय गरज होती? ते बेल्जियममध्येच राहत होते. कथेतला राजा मुस्कर बारावा स्वतः मोटार चालवतो. बेल्जियमचा तिसरा लिओपोल्डही चालवत असे, आणि १९३५ मध्ये राणी आस्त्रिद ज्या अपघातात गेली तेव्हा चाकावर तोच होता. असल्या राज्याला ‘इथे मी आहे, इथेच राहणार’ हे ब्रीद जितके शोभते तितके काट्याकुट्यांचे शोभत नाही. मात्र उत्साहात पुढे जाऊ नका. १९४० मध्ये जर्मन आक्रमणानंतर मंत्रिमंडळ देश सोडून गेले तरी लिओपोल्ड मागे राहिला, हे काहीजण या ब्रीदाचे ‘मूळ’ म्हणून सांगतात. ते कथेनंतर घडले. कारण परिणामाच्या आधी असावे लागते.

पोशाखाबद्दल बोललो त्याला पुरावाही आहे. पहिल्या, काळ्या-पांढऱ्या आवृत्तीत राजवाड्याचे पहारेकरी लंडनच्या टॉवरवरच्या पहारेकऱ्यांसारखे दिसत. १९४७ च्या रंगीत आवृत्तीसाठी एर्जे यांचे सहकारी एडगर जेकब्स यांनी गणवेश बदलून त्यांना बाल्कनचे कपडे चढवले. नेपथ्य बदलले, ब्रीदवाक्य तेच राहिले.

काल्पनिक भाषा रचणारे मार्क रोझेनफेल्डर यांनी सिल्दावियनचे अख्खे व्याकरण मांडले आहे आणि तिला जर्मानिक, म्हणजे डच-जर्मनच्या, कुळात बसवले आहे. कुळ बरोबर. मेहनतीबद्दल आदरही आहे. पण मूठभर वाक्यांतून विभक्ती आणि रूपे काढत बसणे मला पटत नाही. ‘वाघाबोंत्स’ हा शब्द घ्या. तो फ्रेंच वागाबोंद आहे, भटक्या. ‘जांदार्मास्काया’ म्हणजे फ्रेंच जांदार्मला, पोलीस शिपायाला, रशियन विशेषणाचे शेपूट. राजाला नावात ‘कर’ म्हणतात आणि पुस्तिकेतल्या जुन्या हस्तलिखितात ‘क्योनिक्स्त्स’, ज्यात डच कोनिंग आणि जर्मन क्योनिग दोन्ही ऐकू येतात. याला व्याकरणात बसवायला गेलात तर अपवादच जास्त निघतील. हे सगळे कानाने केलेले काम आहे, तेव्हा ते कानानेच वाचावे.

आणि म्हणूनच देवनागरीत लिहिताना अक्षरे मोजू नका. ‘स्झ्लास्झेक’ असे लिहिलेले मी वारंवार पाहतो. सिल्दावियन खाणावळीतला हा पदार्थ, वाढपी ज्याला कुत्र्याची तंगडी म्हणतो. रोमन लिपीतल्या एस-झेड या जोडीचा उच्चार पोलिश माणूस ‘श’ करतो आणि हंगेरियन माणूस ‘स’. ‘स्झ’ दोघेही म्हणत नाहीत. बोलणारा ब्रुसेल्सचा आहे, तेव्हा ‘स्लासेक’ लिहा.