तळपायाचा तीळ आणि ब्रिस्बेनचं तिकीट

तुम्ही लिहिलंय की ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनची नोकरी पक्की झाली, निघायला दहा आठवडे उरलेत आणि तळपायावरचा तीळ काढल्यावर रिपोर्टमध्ये ‘मेलानोमा इन सिटू’, म्हणजे मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरची अगदी पहिली पायरी, असं आलं. पुन्हा थोडं कापल्यावर कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, डॉक्टर ‘खुशाल जा’ म्हणाले. पण झोप उडाली आहे, आईवडिलांना काही सांगितलेलं नाही, आणि आता जावं की नाही तेच कळत नाही.

जा. पण घरी सांगून जा.

मला हेच २०१९ मध्ये झालं, इथे ब्रिस्बेनला येऊन दोन वर्षं झाल्यावर. तोही तळपायालाच, डाव्या टाचेजवळ. तळपायाला तीळ असला की परदेशवारी घडते म्हणतात ना? माझ्या लहानपणी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने तो दाखवायची. व्हिसा आला तेव्हा ती पहिलं वाक्य तेच बोलली. त्याच तिळाला कॅन्सर म्हणतात हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून मी पाच महिने गप्प राहिले.

टाके पडले तेव्हा मला भीती वाटली नाही. तेव्हा कामं होती: रजा, ड्रेसिंग, कुबड्या. भीती आली टाके निघाल्यावर, सगळे ‘सुटलीस बाई’ म्हणाले तेव्हा. अंघोळीला गेलं की अंगावरचा प्रत्येक तीळ तपासायचा, रात्री मोबाइलच्या उजेडात नखं बघायची. रात्री दोन वाजता मी नेटवर शोधत बसायचे आणि दर वेळी गायक बॉब मार्लीपाशी पोचायचे: पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा, १९८१ मध्ये मृत्यू. तुम्हीही एव्हाना तिथे पोचला असाल. म्हणून सांगते, त्याचा आजार शरीरभर पसरला होता. ‘इन सिटू’ म्हणजे पेशी त्वचेच्या अगदी वरच्या थरातच आहेत, आणि त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. तो भाग पूर्ण निघाला की बहुतेकांचा आजार तिथेच संपतो. हे वाक्य मी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं होतं. तुम्हीही घ्या. रात्री दोन वाजता आठवणीवर भरवसा राहत नाही.

ब्रिस्बेनमध्ये रात्रीचे दोन म्हणजे भारतात साडेनऊ. आई जागी असते, जेवणं आटोपलेली असतात. हे माझ्या लक्षात यायला पाच महिने लागले. सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, “पाऊल टेकवता येतं का गं?” मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी म्हणाली, “आणि मी तो सगळ्यांना दाखवत होते.” तिला समजावताना मलाच पहिल्यांदा नीट समजलं की हे कुणाच्या चुकीने झालेलं नाही.

तळवे, तळपाय, नखांखाली होणारा हा प्रकार उन्हामुळे होतो असं मानत नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांना मेलानोमा झालाच तर तो बरेचदा याच जागी सापडतो. त्यामुळे इथल्या उन्हाने तो परत येईल, या भीतीने नोकरी सोडू नका. बाकीच्या अंगासाठी मात्र टोपी आणि सनस्क्रीन हवंच. यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ किंवा जास्त असला की काळजी घ्यायला सांगतात, आणि इथे उन्हाळ्यात तो ११ च्याही वर जातो.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की परळचं टाटा आणि बाहेरच्या फुटपाथवर बसलेले नातेवाईक डोळ्यांसमोर येतात. इथे ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत तिघांतल्या किमान दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो. माझ्या ऑफिसातल्या एकीने बाही वर करून व्रण दाखवला, म्हणाली, मलाही झालाय, आणि परत कामाला लागली. त्या दिवशी मला फार लागलं ते. तिचा प्रकार बहुधा साधा, माझा मेलानोमा. पण पुढे माझ्या प्रत्येक तपासणीची तारीख लक्षात ठेवणारी तीच निघाली.

कागदांचं थोडक्यात: बायोप्सीचे दोन्ही रिपोर्ट आणि स्लाइड्स सोबत आणा. व्हिसाच्या अर्जात आजार लपवू नका. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर खासगी विम्यात आधीच्या आजारासाठी १२ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून निघण्याआधी एक तपासणी तिकडेच करून घ्या.

मनासाठी कॅन्सर कौन्सिल या इथल्या मदतसंस्थेचा १३ ११ २० हा नंबर आहे. मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) मिळालं तर जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, मानसोपचाराचा प्लॅन करून घ्या, वर्षाला १० सत्रांपर्यंत सवलत मिळते. मी गेले होते. धास्तीला इंग्रजीत काय म्हणायचं तेच सापडेना, म्हणून पहिल्या सत्रात जास्त रडलेच. तरी उपयोग झाला. तपासणीच्या आधीचा आठवडा अजूनही जड जातो, पण आता तो आठवड्यापुरताच असतो.

माझ्या पहिल्या तपासणीला मी एकटी गेले होते, बसने, आणि परतताना दोन स्टॉप आधीच उतरून बाकावर बसून राहिले. तुमची तारीख ठरली की मला कळवा. मी येईन सोबत.