एरर गेला, पण हिशेब कुठे लागला?

प्रश्न : मी घाटंजी तालुक्यातला, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हिडिओ बघून मोबाइलवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतो. बाबांच्या कापसाचं वजन मांडायला प्रोग्राम लिहिला, तर टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याची चूक) आला. मग 'एकूण'पुढच्या शून्याच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं टाकली. एरर गेला, पण ८५, ११२ आणि ९६ किलोची बेरीज ८५११२९६ येते आणि सगळ्यात मोठा वेचा (एका वेळची वेचणी) ९६चा दाखवतो. मराठी कीबोर्डवरून आकडे टाकतो म्हणून असं होतं का? पुण्याच्या क्लासचं विचारलं तर बाबा म्हणतात, "तूर इकून देतो पैसे, पण नौकरी लागन ना?" मित्र पोलीस भरतीच्या मागे आहेत. माझं डोकं कोडिंगचं नाही असं वाटायला लागलंय. काय करू?

उत्तर : तुझ्या प्रोग्रामवर विश्वास ठेवला तर तुमच्या घरी यंदा ८५ हजार क्विंटल कापूस झाला. तेवढा झाला असता तर बाबांनी तूर विकायची गोष्ट काढलीच नसती! पण पत्रात तू हे तिन्ही आकडे आणि चुकलेलं उत्तर नीट लिहून पाठवलंस. बहुतेक मुलं "सर, प्रोग्राम चालत नाही" एवढंच लिहितात. त्यामुळे डोक्याचा प्रश्न इथेच मिटला.

मराठी आकड्यांचा यात काही दोष नाही. 'इनपुट'मधून, म्हणजे टाइप केलेलं वाचणाऱ्या आज्ञेतून, आलेलं '८५' पायथन ३चं 'इंट' (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) बिनतक्रार आकडा म्हणून घेतं. फक्त कोडच्या ओळीत आकडे इंग्रजीच लागतात, तिथे मराठी शून्य टाकलंस तर सिंटॅक्सएरर (लिहिण्यातली चूक) मिळेल. खरी गोम 'इनपुट'मध्ये आहे. तू काहीही टाइप कर, ते तुझ्या हातात मजकूर म्हणूनच येतं. पायथनमध्ये व्हेरिएबलचा, म्हणजे 'एकूण'सारख्या नावाचा, प्रकार आधी ठरवावा लागत नाही. नाव कशालाही लावता येतं, प्रकार असतो तो आत ठेवलेल्या गोष्टीला, आणि त्याची तपासणी ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हाच होते. म्हणून 'वजन' हे नाव वाचून आत आकडा असेल असं तू धरून चाललास आणि आत होता मजकूर.

पहिल्यांदा आलेला टाइपएरर हेच सांगत होता : एका बाजूला 'इंट' (पूर्णांक), दुसऱ्या बाजूला 'एसटीआर' (मजकूर), यांची बेरीज कशी करू? तू दुसरी बाजू सुधारायची सोडून पहिलीच बिघडवलीस. आता दोन्हीकडे मजकूर झाला, आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. मोठा वेचा ९६चा का, तेही यातच आलं. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, ९ हा ८ आणि १ पेक्षा मोठा, म्हणून ११२ किलो मागे पडले. एरर देऊन थांबणारा प्रोग्राम परवडतो. एरर न देता चुकीचं उत्तर देणारा फार महागात पडतो, कारण बाजार समितीत माप होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा 'एकूण' परत शून्य कर आणि 'इनपुट'ला 'फ्लोट'मध्ये (दशांश आकडा करणाऱ्या आज्ञेत) गुंडाळ. 'इंट' का नाही? काट्यावर ८५.५ किलो आलं की 'इंट' व्हॅल्यूएरर (मजकुराचा आकडा होत नसल्याची चूक) देईल. भाव लिहिताना कुणी ७,२०० असा स्वल्पविराम टाकला तर मात्र दोन्ही अडतील, तो आधी 'रिप्लेस'ने काढावा लागतो.

आता सवयींचं. ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत येणारा ओळींचा अहवाल, आला की शेवटची ओळ पहिली वाचायची. काय बिघडलं ते तिथे असतं. मग वर सरकत आपल्या फाइलचं नाव असलेली ओळ शोधायची, कुठे बिघडलं ते तिथे कळतं. पायथन ३.११पासून त्या ओळीतल्या नेमक्या भागाखाली खूणही येते. संशयित व्हेरिएबल नुसतं प्रिंट करू नकोस, 'रेप्र' लावून कर. नुसत्या प्रिंटमध्ये मजकूर ८५ आणि आकडा ८५ सारखेच दिसतात, 'रेप्र' मजकुराला अवतरणचिन्हं दाखवतं. तुझी गफलत अर्ध्या मिनिटात सापडली असती.

मोबाइलवर दर वेळी तीन वजनं टाइप करण्यात वेळ जातो, शिवाय दर वेळी काहीतरी वेगळंच टाइप होतं. तपासणीपुरती 'इनपुट' बंद ठेव, तिन्ही वजनं लिस्टमध्ये (यादीत) लिहून टाक. बेरीज वहीत कर, २९३ येते. प्रोग्रामच्या शेवटी 'असर्ट एकूण बरोबर २९३' अशी ओळ घाल, फक्त 'बरोबर'च्या जागी दोन बरोबरचिन्हं. पुढे कोडमध्ये काही हलवलंस आणि बेरीज बिघडली, तर प्रोग्राम तिथेच अडेल.

व्हिडिओंमध्ये एक वाईट खोड शिकवतात : 'ट्राय' लिहायचं, खाली 'एक्सेप्ट' आणि 'पास', म्हणजे एरर पकडायचा आणि काहीच न करता पुढे जायचं. एरर दिसेनासा होतो आणि पोरगं खूश! हे तू हाताने केलंस त्याचंच मोठं रूप आहे. पकडायचाच असेल तर व्हॅल्यूएररसारखा नाव घेऊन एकच प्रकार पकड आणि पकडल्यावर निदान प्रिंट तरी कर.

पुढे शेजाऱ्यांचाही हिशेब ठेवायला लागलास की एक जुना सापळा भेटेल. फंक्शनच्या (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या) कंसात 'वेचे' या पॅरामीटरला डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर धरायची किंमत, म्हणून रिकामी लिस्ट दिलीस, तर ती लिस्ट फंक्शन तयार होताना एकदाच बनते, दर वेळी नवी नाही. मग तुमचे वेचे शेजारच्या काकांच्या खात्यात दिसतात आणि गावात नसती भांडणं. डिफॉल्ट 'नन' (काहीच नाही) ठेव आणि आत गेल्यावर नवी लिस्ट बनव. आणि आपल्या फाइलला 'रँडम' किंवा 'सीएसव्ही' असं नाव कधी देऊ नकोस, 'इम्पोर्ट' करताना पायथन स्वतःच्या मॉड्यूलऐवजी तुझीच फाइल उचलतो.

राहिला क्लास. माझं मत स्पष्ट आहे : यंदा तूर क्लासपायी विकू नका. तू जिथे अडलास तिथे आणखी व्हिडिओ बघून सुटका नाही, आणि क्लासमध्येही बऱ्याचदा मोठ्या पडद्यावर तेच असतं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर पायथनचा अभ्यासक्रम शिकायला मोफत आहे, पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं तर. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात भारतीय भाषांतले धडे मिळतात. रेंज नसेल तेव्हा पायड्रॉइड हे पायथन चालवायचं अ‍ॅप मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालतं, आणि कॉलेजची लॅब तर आहेच.

बाबांना खरं उत्तर द्यायचं तर, नुसत्या पायथनवर नोकरी लागत नाही. सोबत एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) हवं, एक्सेल हवं, आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ का लिहिली हे मुलाखतीत सांगता यायला हवं. कापसाचा हिशेब त्यासाठी उत्तम प्रोजेक्ट आहे, नक्कल केलेल्या गेमपेक्षा कितीतरी चांगला. पदवीला अजून वेळ आहे. पोलीस भरतीचं मैदान सकाळी आणि कोडिंग संध्याकाळी, हे दोन्ही जमण्यासारखं आहे. एकासाठी दुसरं आत्ताच सोडायची घाई नको.

दुरुस्त केलेला प्रोग्राम पाठव. स्क्रीनचा फोटो नको, कोडचा मजकूर पाठव. पुन्हा अडलास तर ट्रेसबॅक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि काय यायला हवं होतं, काय आलं, एवढं खाली लिही.