‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाई कुणालाही सांगताना ‘माझी पिशवी काडलीया’ एवढंच सांगतात, जुन्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘टीएएच विथ बीएसओ’ असं लिहिलंय. पिशवी, गर्भपिशवी आणि गर्भाशय एकच का? आणि ‘पिशवी’ म्हणणं अशुद्ध का?

तिन्ही एकच, आणि अशुद्ध मुळीच नाही. गर्भाशयातला ‘आशय’ म्हणजे राहण्याची, साठण्याची जागा. जलाशय, मूत्राशय यांतही तोच. म्हणजे संस्कृत शब्दाने तरी वेगळं काय सांगितलं? आपल्या सांगली-साताऱ्याकडे तर बायकांची निम्मी दुखणी या एका शब्दावर बोलली जातात. पिशवीला सूज आहे, पिशवीला गाठ आहे, पिशवी खाली सरकलीय, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय. मिरजेला दाखवायला गेलं तर डॉक्टरही असंच बोलतात, आणि बोलावंच. ‘गर्भाशयमुख’ म्हटल्यावर गप्प होणारी बाई ‘पिशवीचं तोंड’ म्हटलं की चार गोष्टी आपणहून सांगते.

दोन ठिकाणी मात्र जपायला हवं. बाळंतपणात ‘पिशवी फुटली’ म्हणतात ती ही पिशवी नव्हे. ती पाण्याची पिशवी, जुन्या बायकांची पाणमोट. गर्भाशय फाटणं ही निराळी आणि जिवावर बेतणारी गोष्ट. दुसरं, नुसतं ‘ऑपरेशन झालंय’ म्हटलं तर आपल्याकडे ते बहुधा कुटुंबनियोजनाचं असतं. त्यात नळ्या बंद करतात. पिशवी जागेवर राहते, पाळीही येत राहते.

आता ते कार्ड. ‘टीएएच’ म्हणजे पोटावर छेद घेऊन केलेली टोटल हिस्टरेक्टॉमी. इथला ‘टोटल’ फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आतलं सगळंच काढलं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पिशवी तोंडासकट काढली, इतकाच. अंडाशयं त्यात येत नाहीत. ती येतात ‘बीएसओ’मध्ये: दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं. म्हणजे तुमच्या सासूबाईंची अंडाशयंही काढलेली आहेत.

खरी अडचण इथेच आहे. पिशवीला घरचा शब्द आहे, अंडाशयाला नाही. पुस्तकी भाषेत ‘बीजांडकोश’, दवाखान्यात ‘ओव्हरी’, आणि घरी काहीच नाही. म्हणून ‘पिशवी काढली’त ती न बोलता जातात. फरक तर केवढा! पिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशयं ठेवली असली तर हार्मोन्स तयार होत राहतात. पाळी चालू असतानाच्या वयात दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जाण्याच्या वयातला सगळा त्रास एकदम अंगावर येतो: अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात.

‘मुलं झाली, आता पिशवी काय कामाची’ हे वाक्य मला फार सलतं. पिशवी म्हटलं की रिकामी झाल्यावर टाकून द्यायची, असं कुठेतरी मनात येत असणार. तो जाड भिंतीचा, साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीचा स्नायू आहे, हे शब्दातून कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची 2019 साली सरकारी पाहणी झाली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बीडच्या टोळ्या हंगामात आपल्याच भागातल्या फडांवर असतात. त्यातल्या कितीजणींना आपलं नेमकं काय काढलं हे सांगता येईल?

म्हणून शब्द ‘पिशवी’च ठेवा, पण पुढे विचारा: अंडाशयं काढली का, एक की दोन्ही? पिशवीचं तोंड ठेवलंय का? तोंड ठेवलं असेल तर त्याच्या कर्करोगाची तपासणी पुढेही करत राहावी लागते. आणि ते कार्ड फेकू नका. सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरांकडे न्याल तेव्हा आधी तेच दाखवा.