बुद्ध्यंक १३८ म्हणजे मानसिक वय किती?

प्रश्न : माझा नातू नुकताच सात वर्षांचा झाला. शाळेने सुचवल्यावरून गंगापूर रोडवरील एका समुपदेशकांकडे त्याची बुद्धिमापन चाचणी करून घेतली. बुद्ध्यंक १३८ आला. डी.एड.ला शिकलेले सूत्र मला अजून पाठ आहे; त्या हिशेबाने त्याचे मानसिक वय नऊ वर्षे आठ महिने भरते. मग त्याला दुसरीऐवजी थेट चौथीत बसवावे का?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : आपला गुणाकार बिनचूक आहे, मात्र ते सूत्र आपल्या हातातील आकड्याला लागू होईलच असे नाही.

मूल ज्या वयाच्या सर्वसाधारण मुलांइतके प्रश्न सोडवते, ते त्याचे मानसिक वय; ही कल्पना फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांची. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे साहाय्य देता यावे, म्हणून त्यांनी थिओडोर सिमॉन यांच्यासह १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, आणि १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची मांडणी वयानुसार केली. त्यातील सात वर्षांच्या मुलासाठीची कामे अगदी साधी होती : तेरा नाणी मोजणे, पत्त्यांतील चौकटच्या आकाराची आकृती पाहून काढणे, ऐकलेले पाच अंक त्याच क्रमाने म्हणून दाखवणे. प्रज्ञावान मुले शोधणे हा या चाचणीचा हेतूच नव्हता, हे पालक सहसा विसरतात. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी केली, आणि त्या भागाकाराला शंभराने गुणून आलेला बुद्ध्यंक लुईस टर्मन यांच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीमुळे रूढ झाला. आपल्याला पाठ असलेले सूत्र ते हेच.

त्यातील अडचण मोठ्यांच्या बाबतीत लगेच उघडी पडते. प्रत्यक्ष वय वाढतच राहते, पण चाचणीतील मानसिक वय पंधरा-सोळाच्या पुढे फारसे सरकत नाही; म्हणून चाळिशीतला हुशार माणूस या सूत्राने मंदबुद्धी ठरेल. डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये हा भागाकारच सोडून दिला. त्यांच्या पद्धतीत समवयस्कांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) १५ धरून, त्या रांगेत व्यक्ती कोठे उभी आहे एवढेच सांगितले जाते. आज प्रचलित असलेल्या बहुतेक चाचण्या याच पद्धतीच्या आहेत. अहवाल तशा चाचणीचा असेल, तर १३८ चा अर्थ असा, की त्याच्या वयाच्या हजार मुलांत साधारण सहाच मुले त्याच्या पुढे असतील. तो पावणेदहा वर्षांच्या मुलासारखा विचार करतो, असे हा आकडा म्हणत नाही. शिवाय त्यात चार-पाच गुणांचा फरक इकडे-तिकडे गृहीतच धरावा लागतो.

म्हणून अहवालावर चाचणीचे नाव काय आहे, ते आधी पाहावे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे रूपांतर धारवाड परिसरातील कानडी आणि मराठी मुलांसाठी केले व त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत या नावाने ही चाचणी आपल्याकडे आजही वापरली जाते आणि तिच्यात मानसिक वयाचा भागाकारच होतो. तेव्हा ती असल्यास आपला हिशेब चुकीचा नाही. पण तुलना मात्र कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांशी होते. अमेरिकेत मुलांचे सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. जुन्या फूटपट्टीवर आजचे मूल उंच दिसते, ते बरेचसे यामुळे.

चौथीत बसवण्याबाबत माझे मत प्रतिकूल आहे. लेटा हॉलिंगवर्थ यांनी न्यूयॉर्कमध्ये १८० च्या वर बुद्ध्यंक असलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. समवयस्कांत ती मुले एकटी पडतात, तर १२५ ते १५५ या टप्प्यातील मुले सहज मिसळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. आपला नातू या दुसऱ्या टप्प्यात बसतो. (त्यांचे आकडे जुन्या सूत्राचे, हे ध्यानात ठेवूनच.) त्याला वर्गात खरोखर कंटाळा येत असेल, तर ज्या विषयात तो पुढे आहे त्या विषयाच्या तासाला वरच्या वर्गात बसू देण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलावे. अक्षर, लेखनाचा वेग आणि मैदानावरील सवंगडी यांचे वय मात्र सातच असते; दोन इयत्ता ओलांडणाऱ्या मुलाची ओढाताण होते ती तेथे.

प्रश्न : शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीत माझ्या मुलीला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळाले. तिला प्रज्ञावान समजावे का?
– एक पालक, पंचवटी

उत्तर : एवढ्यावरून नाही. ती स्पर्धा परीक्षा आहे आणि संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा हे प्रकार वर्षभर घोटूनच मुले तिला बसतात. त्यात गैर काही नाही. मानसशास्त्रीय चाचणी मात्र मूल ते प्रश्न प्रथमच पाहत आहे, असे धरून प्रमाणित केलेली असते. पुढे कधी तशी चाचणी करून घेतलीत, तर मुलीने शिष्यवृत्तीचा वर्ग केला आहे, हे मानसशास्त्रज्ञांना आधीच सांगावे.