आधी ती खोली बघून ये

पोरी,

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाहेर शेतात जाळलेल्या उसाच्या पाचटाचा धूर, म्हणून खिडकी लावा म्हणायचं. आत क्षयाचा रुग्ण, म्हणून उघडा म्हणायचं. मग घरच्यांना सांगायचं तरी काय? प्रश्न खरा आहे. पण त्या घराला खिडक्या किती, कुठल्या बाजूला, हे तुझ्या अख्ख्या पत्रात नाही. खोली न बघता उत्तर शोधतेस कशाला?

2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे, ठाऊक आहे मला. अडीच मायक्रॉनच्या कणांसाठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5. भांडायला हे आकडे हवेतच. पण ते आकडे देणारं यंत्र बाहेरची हवा मोजतं. गावभागातल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, कोपऱ्यात चूल, रात्री डासांची कॉइल. ती हवा कोण बघणार? तूच. हेच बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन जंतू गिळणाऱ्या पेशी दुबळ्या करतात, आणि त्याच कोंदट हवेत खोकल्यातले जंतू तासन्‌तास तरंगत असतात. धुराचं खातं वेगळं, क्षयाचं वेगळं, ही वाटणी कचेरीतली. त्या खोलीत दोन्ही एकाच श्वासात आत जातात.

सांगली-मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम मोकळ्या माळावर का काढलं असेल? तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 मध्ये. मग गोळ्या आल्या आणि आपण हवा विसरलो. याचा मला अजून संताप येतो. रुग्ण गोळ्यांनीच बरा होतो, त्यात वाद नाही. पण निदान व्हायच्या आधीचे महिने आणि उपचाराचे पहिले आठवडे घरातल्या बाकीच्यांना राखते ती वाहती हवा.

नोकरीत असताना मी क्षयरुग्णाच्या कार्डामागे त्याच्या घराच्या खिडक्या लिहायचो. वरचे साहेब चिडायचे, रकाना नाही तिथं कशाला लिहिता म्हणून. मी लिहीत राहिलो. आज नोकरीत असतो तरी लिहिलं असतं. एकाच घरात दुसरा, तिसरा रुग्ण निघाला की कार्ड उलटून बघायचो. बहुतेकदा एकच झरोका, तोही पोतं कोंबून बंद केलेला. तो रकाना छापून आला नाही, ही खंत आहे. हट्ट चुकीचा होता असं मात्र कोणी मला पटवू शकलेलं नाही.

आता तुझं उत्तर. थंडीत संध्याकाळी आणि पहाटे धूर जमिनीलगत बसतो, उन्हं वर आली की विरतो. तेव्हा दिवसा दार आणि समोरची खिडकी दोन्ही सताड उघडायला सांग. फडातलं पाचट पेटलेलं असेल तेवढा वेळ लाव, पण रात्रभर नाही. रुग्णाचा बिछाना खिडकीलगत, पंख्याचा झोत बाहेरच्या दिशेला, चूल पडवीत. पण पडवी आहे का? खिडकीसमोर दार आहे की शेजाऱ्याची भिंत? बघितल्याशिवाय यातलं एक अक्षर बोलू नकोस.

दुपारी जाऊन आलीस, ते पुरेसं नाही. आशाताईंना बरोबर घे आणि रात्री नऊला जा, सगळे अंथरुणं टाकत असताना. कोण कुठं झोपतं याचं चित्र काढ, खिडकीची लांबी-रुंदी मोज आणि मला पाठव. धाकट्या पोरांना प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या का, तेही लिही.