जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तूंची नाताळसाठी सजावट करायची आहे. सगळ्यावर सोनेरी स्प्रे मारला तर चालेल का?

सोनेरी स्प्रे मारू नका. एवढं आधी सांगून टाकते, बाकीचं सवडीने वाचा.

तुम्ही लिहिलंय की पितळेची एक घंटा, कंदिलाच्या काचा, झुंबराचे सुटे लोलक आणि पत्र्याचे जुने डबे असं बरंच काही उचलून आणलंय, आणि सगळं एकमेकांना शोभावं म्हणून एकाच रंगात रंगवायचं मनात आहे. मग जुन्या बाजारात गेलात कशाला? सोनेरी वस्तू डिसेंबरात क्रॉफर्ड मार्केटमध्ये ढिगाने मिळतात आणि स्वस्तही पडतात. जुनी वस्तू आपण घेतो ती तिच्या अंगावर वापराच्या खुणा असतात म्हणून. त्या रंगाखाली गाडल्या की हातात नुसतं जड सामान उरतं.

माझं मत सरळ आहे. वस्तू ज्या कामासाठी घडवली तेच काम तिला सजावटीत द्यावं. दिवा असेल तर तो लागला पाहिजे, घंटा असेल तर वाजली पाहिजे, टोपली असेल तर तिच्यात काहीतरी ठेवलेलं पाहिजे. किटलीला डोळे चिकटवून तिचा स्नोमॅन करणं मला अजिबात पटत नाही. किटली आहे ना, मग तिच्यात झेंडूची नाहीतर शेवंतीची फुलं ठेवा आणि मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, येणाऱ्या माणसाला दिसेल अशी दारात मांडा.

हे मी एवढं ठामपणे का म्हणते ते सांगते. मी वसईची. आमच्याकडे आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट बघायचे आधीचे आठवडे, सुरू झाला की आळीतली पोरं गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, मागे लागतात. बांबू, पेंढा, केळीची सुकलेली पानं गोळा होतात. ताटलीत नाचणी पेरायची म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यापुढे हिरवंगार कुरण तयार होतं. आमच्या आळीचा गोठा बरीच वर्षं माझ्या हातात होता.

माझे पप्पा पश्चिम रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात गार्डच. निवृत्त झाले तेव्हा हातबत्ती, झेंड्या सगळं जमा करून आले. घरात रेल्वेची म्हणावी अशी एकही वस्तू राहिली नाही. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण बत्तीची सवय गेली नव्हती. रात्री लाइट गेली की त्यांचा हात आधी डाव्या बाजूला चाचपडायचा.

एका शुक्रवारी पहाटे मी आणि माझे मिस्टर चोरबाजारात गेलो. मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण उजाडायच्या आधी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि खरा माल तिथेच निघतो. आम्ही आलो होतो लोलकांसाठी. एका गोणपाटावर नळाच्या तोट्या आणि टेलिफोनचे डबडे यांच्यात ती बत्ती आडवी पडलेली होती. काळा पडलेला पत्रा, समोर फुगीर भिंग, वर धुराडं. टोपणाजवळ बी. बी. अँड सी. आय. अशी अक्षरं ठोकलेली. ती, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, 1951 साली पश्चिम रेल्वेत विलीन झाली, म्हणजे बत्ती त्याच्या आधीची, वसई स्टेशनच्या पाटीवर बसीन रोड असायचं त्या काळातली. वरचं टोपण फिरवलं तर आतला काचेचा फिरता भाग कुरकुरत फिरला. लाल काच शाबूत, हिरवी शाबूत. विकणारे चाचा म्हणाले, बफिंग करून देतो, आरशासारखी चमकेल. मी म्हटलं, हात लावू नका.

घरी आणून आतली रॉकेलची टाकी आणि वातीचा बर्नर बाहेर काढला आणि पिशवीत बांधून जपून ठेवली. कोमट पाणी, साबण आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन भिंगावरची काजळी काढली. पत्र्यावरचा काळेपणा तसाच ठेवला, फक्त सुटा गंज ब्रशने झाडून वर खोबरेल तेलाचा हात फिरवला. टाकीच्या जागी छोटा एलईडी दिवा बसवला. त्याची वायर खालच्या हवेच्या भोकातून घेतली, त्यामुळे पत्र्याला कुठेही नवं भोक पाडावं लागलं नाही. उद्या कोणाला पुन्हा रॉकेलवर लावायची असेल तर लावता येईल. जुन्या वस्तूला तुम्ही जे काही कराल ते असं परत सोडवता येण्यासारखं असावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या वर्षी गोठ्यावर चांदणी लावलीच नाही, गव्हाणीच्या वर ही बत्ती टांगली. आगमनकाळभर ती लाल. रेल्वेत लाल म्हणजे थांबा, आणि आगमनकाळ म्हणजे तरी वाट बघणंच. मध्यरात्रीची मिस्सा झाली, बाळ येशू गव्हाणीत ठेवला, आणि मी पप्पांना पुढे बोलावलं. त्यांनी बत्तीकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर, नजर समोरच्या अंधारात, जशी गाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनाकडे असायची तशी. अंगठ्याने टोपण फिरवलं, एकदा, बरोबर खाच बसेपर्यंत. हिरवा उजेड पेंढ्यावर पडला. आळीतली म्हातारी माणसं, ज्यांच्यातले निम्मे रेल्वेत नोकरी केलेले, ती एकदम टाळ्या वाजवायला लागली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यांची स्पर्धा होती. परीक्षक आले, बघितलं, आणि शेरा दिला की कल्पना ठीक आहे पण सणाला भंगार मांडल्यासारखं वाटतं. पहिला नंबर गेला थर्माकोलच्या राजवाड्याला. बेथलेहेमच्या गोठ्याला राजवाडा, तोही सोनेरी स्प्रे मारलेला! नंबराचं मला काही नाही. पण ‘भंगार’ हा शब्द पप्पांनी ऐकला, आणि घरी आल्यावर आमच्या मोठ्या भावोजींनी तोच शब्द उचलून धरला. तेव्हापासून दर डिसेंबरात हा वाद आमच्याकडे होतो. भावोजींचं म्हणणं, देवाला नवं कोरं द्यावं, दुसऱ्याच्या घरातलं, मेलेल्या माणसांचं सामान सणाला घरात आणू नये. तुमच्या घरातही कोणीतरी हे म्हणणारच, म्हणून माझी उत्तरं इथे लिहून ठेवते, वापरा.

पहिलं असं की आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला नवं कोरं कापड कोण घालतं? आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची बाळुती करतात, त्याचंच दुपटं शिवतात, कारण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते. लूकच्या शुभवर्तमानात मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं असंच आहे. गव्हाण कोणाची होती? दुसऱ्याचीच. जनावरांच्या रोजच्या वापरातली. ज्याचा जन्म साजरा करायचा त्याचा पाळणाच जर उसना, तर त्याच्या गोठ्यात जुनी बत्ती का नको?

आणि दुसऱ्याच्या घरातलं म्हणाल, तर 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. मी तिन्ही ठिकाणी जाऊन आले आहे. मेणवलीच्या घंटेपुढे उभी राहिले तेव्हा माझ्या मनात राग नव्हता. ती घंटाच राहिली, याचं समाधान होतं. कोणी वितळवून तिच्या पराती केल्या नाहीत की तिला रंग फासला नाही. भावोजींना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 साली बंदी आली, तेव्हा तो राजवाडा पुन्हा उभा राहिला नाही. बत्ती मात्र अजून लागते. हेही मी त्यांना सांगितलेलं आहे.

आता तुमच्या वस्तूंकडे येते. पितळेला आधी चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा, त्याला घासू नका. नाही चिकटला तर चिंचेचा कोळ आणि मीठ पुरे, लगेच धुऊन कोरडं करा. बाजारात अँटिक म्हणून मिळणारं बरंचसं पितळ मुरादाबादचं, हल्लीच घडवलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव तसा द्या.

लोलकांच्या वरच्या भोकात जुन्या लोखंडी पिना असतील तर त्या काढून टाका, गंजून तुटतात. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची बारीक तार मिळते, तिच्यावर तांबूस लाखेसारखा थर असतो, काचेजवळ फार सुरेख दिसते. लोलक झाडावर इकडेतिकडे टांगू नका. झुंबरात ते दिव्याभोवती असायचे, तसेच ठेवा, बांबूच्या चांदणीच्या आत, दिव्यापासून वीतभर अंतरावर. भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे पडतात, त्यापुढे पतंगाच्या कागदाची गरजच राहत नाही.

कंदिलाच्या काचा तशाच उभ्या मांडा आणि आत दिवा ठेवा. सगळं एकसारखं दिसावं ही तुमची हौस मला कळते, पण ते काम रंगाने होत नाही, उजेडाने होतं. घरभर एकाच पिवळसर छटेचे दिवे वापरा, पांढरे आणि निळे लुकलुकणारे काढून टाका. पितळ, काच, पत्रा, बांबू सगळं आपोआप एका घरातलं दिसायला लागतं.

जर कधी जुने पातळ काचेचे, आतून चांदीसारखे चकाकणारे गोळे मिळाले, जर्मनीतल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकापासून फुंकून करायचे तसे, तर त्यांना पाणी लावायचं नाही. बाहेरचा रंग सुटतो, आणि पाणी आत गेलं की मुलामा उतरतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, बस.

काही गोष्टी मात्र बाजारातच सोडून याव्यात. सुती वेष्टण असलेल्या जुन्या वायरी, तडा गेलेले होल्डर, वाळवीने पोखरलेलं लाकूड. वाळवी तुमच्या कपाटात शिरेल.

पत्र्याच्या डब्यांचं राहिलंच. त्यांच्यावरचा जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017 च्या अखेरीस लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट. ओल्या फडक्याने पुसा, पोपडे निघत असतील तर डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा. त्यात केक किंवा कलकल हा नाताळचा गोड फराळ भरून कोणाला देऊ नका. मी मघाशी म्हटलं की वस्तूला तिचं मूळ काम द्यावं, पण खायच्या डब्यांना आणि कल्हई गेलेल्या भांड्यांना ते लागू नाही. तसंच जिथे पेंढा आहे तिथे खरी ज्योत नको, कंदिलाच्या काचेतसुद्धा नको.

घंटेचा आतला लोलक पडलेला असेल तर ती तशीच शोभेला टांगू नका. भांड्यांचं काम करणाऱ्या तांबटाकडे न्या, तो नवा बसवून देतो.