रनर बदके: पाय वाकले की कॅल्शियम नको, वजन हवे म्हणून पेकिन नर नको

इंडियन रनर पाळणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून त्याच चार-पाच गोष्टींवर येतात. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. जात कशी दिसते, किती अंडी देते हे तुम्हाला माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही.

पहिला प्रश्न: "पिल्ले दोन आठवड्यांची आहेत. काही उभीच राहत नाहीत, मागे बसून सरकतात. दुकानदाराने कॅल्शियमचे टॉनिक आणि पाण्यात टाकायची पावडर दिली. किती दिवस द्यावी?"

एकही दिवस नको. सुरू केली असेल तर आज बंद करा. हा प्रकार मी कितीतरी खुराड्यांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी टॉनिकची बाटली आधी आलेली असते, खाद्याची चौकशी नंतर होते. पिल्ले कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यावर वाढवली की हेच होते. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-3 जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त लागते. किलोभर खाद्यात ते 55 मिलिग्रॅमच्या आसपास हवे. मक्यात नायसिन असते, पण बहुतांश बांधलेल्या रूपात, त्यामुळे ते पिल्लाच्या अंगी लागत नाही. त्यात मक्याचा भरडाच मुख्य खुराक असेल तर पाय वाकणारच.

उपाय साधा आहे. एक किलो खाद्यात साधारण 50 ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवण्याचे वाळवलेले मृत यीस्ट, मिसळा. त्यात नायसिन भरपूर असते. पाव फुगवायचे जिवंत यीस्ट नको, ते वेगळे. लवकर सुरू केले तर पिल्ले दोन-तीन दिवसांत उभी राहू लागतात. सांधा वाकडा होऊन बसला की मग यीस्टही तो सरळ करत नाही, म्हणून पहिले पिल्लू मागे बसलेले दिसले त्याच दिवशी हालचाल करा. खाली गुळगुळीत कागद किंवा प्लास्टिक अंथरले असेल तर तेही काढा. पाय फाकून पिल्लू कायमचे अधू होते.

कॅल्शियम मात्र उलटे काम करते. अंड्यावर आलेल्या मादीला ते लागते. पिल्लाला जादा कॅल्शियम दिले की मूत्रपिंडे खराब होतात. याच कारणाने अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेयर खाद्यही पिल्लांना घालू नका. दुकानात पिल्लांचे खाद्य संपले होते म्हणून लेयरची गोणी आणली, असे सांगणारे भेटतात. गोणी परत करा.

आणि ती पावडर. पुडीवर काय लिहिले आहे ते वाचले का? बहुतेक वेळा प्रतिजैविक असते. पाय वाकण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि मोठ्या पक्ष्यांना दिले तर त्याचा अंश अंड्यात उतरतो. रक्ती हगवणीचे औषध मिसळलेले खाद्यही बदकांना नको. त्यातली मात्रा कोंबडीच्या पिल्लाच्या भुकेवर बेतलेली असते. बदकाचे पिल्लू त्याच्याहून जास्त खाते आणि औषधही जास्त पोटात जाते. बदक म्हणजे कोंबडी नव्हे. दुकानदार कोंबडीची मात्रा सांगतो, कारण त्याला तेवढीच माहीत असते. पशुवैद्यकाने पक्षी पाहिल्याशिवाय पाण्यात काहीही टाकू नका.

दुसरा प्रश्न: "भुईमूग पेंडीला थोडा कुबट वास आहे. उन्हात वाळवून देऊ का? दुकानदार म्हणतो, टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पावडर) टाकला की चालते."

चालत नाही. बुरशी मेली तरी तिने सोडलेले अफ्लाटॉक्सिन पेंडीत राहते. ऊन, धुणे, उकळणे यांनी ते जात नाही. या विषाला सगळ्यांत आधी बळी पडणाऱ्या पक्ष्यांत बदकाची पिल्ले आहेत. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी कशाने मेले ते कळेना. बदकांची पिल्लेही मरत होती. शेवटी दोष निघाला तो खाद्यातल्या भुईमूग पेंडीत, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन जगाला कळले. बाइंडर हा चांगल्या खाद्याला आधार म्हणून असतो, सडलेले खाद्य चांगले करायला नाही. वास आला की पेंड फेका, कोंबड्यांनाही घालू नका. मक्याचेही तसेच. पावसाळ्यात महिनाभराचा साठा करू नका. स्वस्त मिळते म्हणून तर मुळीच नको. स्वस्त का मिळते ते एकदा स्वतःला विचारा.

तिसरा प्रश्न: "रनर माद्यांवर पेकिन या मांसाच्या जड जातीचा नर सोडला तर पिल्लांचे वजन वाढेल, असे पिल्ले विकणारा सांगतो. सोडावा का?"

वजन वाढेल आणि जात जाईल. पहिल्या पिढीत अंगाने भरलेली पिल्ले दिसतात म्हणून लोक खूश होतात. पुढच्या पिढीत ना रनरची चपळाई राहते ना पेकिनचे मांस. मग पिल्ले आणायला पुन्हा त्याच विक्रेत्याकडे जावे लागते, आणि त्याचा सल्ला तिथूनच येतो. मस्कोव्ही या वेगळ्याच प्रजातीच्या बदकाचा नर सोडाल तर संकरित पिल्ले वांझ निघतील. तिथे वंशच थांबला.

या जातीचे मोल ओळखा. नावात इंडियन असले तरी ती मूळची इंडोनेशियाच्या जावा, बाली, लोम्बोक या बेटांवरची. भातखाचरांतून लांबवर चालत जाऊन किडे-गोगलगायी टिपणारे पक्षी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडले, म्हणून ती बाटलीसारखी उभी राहते आणि डुलत चालण्याऐवजी धावते. अंड्यांसाठी नावाजलेली खाकी कॅम्पबेल जातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रनरचे रक्त घेऊनच तयार झाली. असा कळप हाती असताना तो मिसळून टाकायचा?

मी प्रत्येकाला एकच पद्धत सांगतो: तीन गट करा. प्रत्येक गटात पाच-सहा माद्या आणि एक नर, तीन आडोसे, तीन रंगांच्या पायातल्या कड्या. मादी पिल्ले आईच्याच गटात ठेवायची. नर पिल्ले मात्र पुढच्या गटात जुन्या नराच्या जागी जायची: पहिल्यातला दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात. एवढे केले की बाप-मुलगी, भाऊ-बहीण असा मेळ पडत नाही आणि बाहेरून नर आणायची गरज बरीच वर्षे लागत नाही. एकाच नराखाली सगळा कळप ठेवणाऱ्यांची अंडी तिसऱ्या-चौथ्या पिढीत फुटेनाशी होतात, आणि मग अंडी उबवायच्या यंत्राला दोष दिला जातो. वही ठेवा. कोणत्या गटाची अंडी, किती बसवली, किती फुटली. नर निवडताना त्याची उभी ठेवण, सरळ पाय आणि त्याच्या आईची अंडी पाहा. रंगावर भाळू नका.

चौथा प्रश्न: "खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली. बाविसाव्या दिवशीही काही नाही म्हणून दोन फोडली, आत जिवंत पिल्ले होती."

कोंबडीचे एकवीस दिवस, बदकाचे अठ्ठावीस, मस्कोव्हीचे पस्तीस. हे भिंतीवर लिहून ठेवा. रनर मादी सहसा खुडूक बसत नाही, म्हणून कोंबडी वापरली ते उत्तम केलेत. घरच्या कळपाला मी यंत्रापेक्षा खुडूक कोंबडीच सुचवतो. दहा-बारांपेक्षा जास्त अंडी नकोत, कडेची थंड पडतात. बदकमादी अंगावर पाणी घेऊन घरट्यात येते, कोंबडी येत नाही. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात कोंबडी चरायला उठली की अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करा. यंत्रात तापमान 37.5 अंश ठेवा, शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवा. अंड्याला चोच लागल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागतात. घाईने सोलू नका, रक्त वाहून पिल्लू मरते.

बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत आणि धुतलेली नकोत. चिखलातले अंडे धुऊन बसवण्यापेक्षा खाऊन टाका. बदके पहाटे अंडी देतात. नऊ वाजेपर्यंत आत ठेवलीत तर अंडी चिखलात जाणारच नाहीत.

बाकीचे थोडक्यात. पिल्ले लवकर अंड्यावर यावीत म्हणून तीन महिन्यांपासून बल्ब लावायचा सल्ला ऐकू नका, अंडे अडकते आणि अंग बाहेर येते. पाच महिने होऊ द्या. बदक प्लेगची लस निरोगी पक्ष्यांनाच, शीतसाखळीतलीच (कारखान्यापासून सतत थंड ठेवलेली), आठ ते दहा आठवड्यांच्या सुमारास. मर सुरू झाल्यावर दुकानातून आणलेल्या कुपीवर विसंबू नका. कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) रोगाने बदक क्वचितच आजारी पडते, म्हणून कोंबडीची लस दिली की काम झाले असे समजू नका. आईविना वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना तेल नसते, त्यांना पहिले काही आठवडे तळ्यात सोडू नका. पिण्याच्या भांड्यात मात्र चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढे पाणी हवे. अनुदानाचे नियम आणि मुदत पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पण अनुदानासाठी आडोसा नसताना दोनशे पिल्ले उतरवू नका.

शेवटचा प्रश्न जादा नरांचा: "पाच माद्यांमागे चार नर झालेत, माद्यांच्या मानेची पिसे गेली आहेत." आजच वेगळे करा. सहा-आठ आठवड्यांनंतर आवाजावरून ओळखता येतात: मादी मोठ्याने क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा. निवडलेले नर ठेवा, उरलेले वेगळ्या कुंपणात घाला किंवा काढून टाका. कोंबड्यांत सोडू नका. बदकनर कोंबडीवर चढला तर तिला जबर इजा होते आणि ती दगावू शकते.